गाडीचा आवाज मी बंद केला
आमच्या घरात एक मोटार आहे आणि तिच्यात सामान्य माणसाला बसता येत नाही. तिला दारं नाहीत, छत नाही, डिकी नाही. आधी पाय आत घालायचे आणि मग उरलेला माणूस हळूहळू सोडायचा! सांगाडा सुट्या भागांच्या पेट्यांतून आला आणि इंजिन एका अपघातात सापडलेल्या दणकट मोटारसायकलचं. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या अंगणात बाबांनी आणि मी ती सहा वर्षं जोडली. (मी म्हणजे पाना धरणारा.) रस्त्यावर ती चालवायची परवानगी नाही. पण शहराबाहेर एक ट्रॅक आहे, तिथे महिन्यातून एक दिवस हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देतात. तिथे स्वतःच्या हातानं एक चक्कर मारायची, एवढीच बाबांची इच्छा होती.

बाबांचा जन्म रेल्वेत गेला. वॅगनच्या चाकावर हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून चाकाला तडा आहे की नाही ते सांगायचं, हे त्यांचं काम. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत. त्यामुळे आमच्या घरात बाबांचा कान म्हणजे हायकोर्ट. मिक्सरची बेअरिंग गेली, पंखा पडणार आहे, बंडूची (म्हणजे माझी) छाती भरली आहे, सगळे निकाल तिथूनच लागायचे. गाडीला इंजिनाचा वेग दाखवणारा काटा होता, तो त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकला.

"काटा कायले पाहिजे? इंजिन सोताच सांगते, आता गिअर बदल म्हणून."

गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा शेजारच्या शुक्लाभाभींची लोणच्याची बरणी फळीवरून चालत चालत खाली आली. भाभी गच्चीवरून ओरडल्या, "भैया, हवाई जहाज बना रहे हो क्या?" बाबा खूश झाले. पण ट्रॅकवाल्यांचा नियम असा, की धुराच्या नळीजवळ मीटर धरायचं आणि आवाज हद्दीबाहेर गेला तर गाडी आत सोडायची नाही.

"त्यात काय! आपल्या घरचं काम हाय," बाबा म्हणाले. त्यांनी सायलेन्सर उघडला, आतल्या भोकाभोकांच्या नळीला काचेची लोकर गुंडाळली, आणि ती कमी पडली म्हणून आईच्या भांडी घासायच्या तारेच्या घासण्या घेतल्या. सगळ्या! (एकीला आदल्या रात्रीचं पिठलं होतं.) मग इंजिन सुरू केलं.

"ऐकलं? आता कशी मांजरीवानी गुरगुरते!"

मी दोन्ही कानांत बोटं घालून उभा होतो. खिडक्यांची तावदानं हलत होती.

"बाबा, थोडासा आवाज वाटून राहिला..."

"तुह्या कानात मळ असन."

आता सांगायला लाज वाटते, पण मी खरंच जाऊन कान साफ करून आलो! डॉक्टर म्हणाले, कान स्वच्छ आहेत. मला वाटलं, या डॉक्टरला काही येत नाही. बाबांचा कान चुकत असेल हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही. आमच्या घरात तशी सोयच नव्हती.

ट्रॅकच्या दिवशी गाडी भाड्याच्या पिकअपवर चढवली. आई, बायको, पुऱ्या, बटाट्याची भाजी, सगळा लवाजमा निघाला. मीटरवाला तरुण अदबीनं म्हणाला, "अंकल, रेस दीजिए." अंकलनी दिली. तो दोन पावलं मागे सरकला.

"अंकल, ये नहीं चलेगा. बहुत ज़्यादा है."

"मशीन ख़राब है आपकी."

त्यानं दुसरं मीटर आणलं. आकडा तोच.

"ये भी ख़राब है!" बाबा माझ्याकडे वळले. "बंडू, सांग याले!"

आणि मी, एक शिकलासवरला माणूस, छाती पुढे काढून त्या पोराला सांगायला लागलो की हमारे बाबा का कान चालीस साल में कभी ग़लत नहीं निकला. तेवढ्यात बायकोनं माझी बाही ओढली.

"अहो, बाबांना ऐकू नाही येऊन राहिलं. वर्षभर झालं, दाराची बेल वाजते तरी ते उठत नाहीत. घरात सगळ्यांना कळलं, तुम्हालाच काहून नाही कळत?"

मी बाबांकडे पाहिलं. ते मीटरकडे पाहत होते, आणि इंजिन अजून चालू आहे की बंद झालं आहे हे कळावं म्हणून त्यांनी हळूच बॉनेटला हात लावला होता. पुऱ्या आम्ही परतताना पिकअपमध्ये खाल्ल्या.

कानाचे डॉक्टर तेच. त्यांनी मला ओळखलं! बाबांना तपासून म्हणाले, रेल्वेतल्या चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीनं नसा गेल्या आहेत, उरलंसुरलंही जाईल. यंत्र लावूनही फारसा फरक पडणार नाही. जिना उतरताना बाबा मध्येच थांबले.

"बंडू, दोन-तीन महिने अजून येईन थोडंफार ऐकू. तेवढ्यात एक चक्कर मारू दे मले. इंजिन ऐकत ऐकत. मंग ठेव गाडी झाकून."

बाबांनी जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी स्कूटर सुरू करण्याआधी हेल्मेट घालून घेतलं आणि आत रडलो. काच काळी असल्याचा तेवढाच फायदा.

मग मी पेटलो. शहराबाहेर बीरगांवच्या कारखान्यांतल्या एका फॅब्रिकेटरला गाठलं. एका सायलेन्सरच्या जागी दोन बसवले, एकापुढे एक. चांगल्यातली लोकर ठासून भरली, नळी लांब केली, हवा ओढण्याच्या तोंडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पेटी केली. एवढं करून समाधान होईना, म्हणून इंजिनाखाली जाड रबरही घातलं. यात दोन महिने गेले. घासण्या आईला परत दिल्या, तिनं घेतल्या नाहीत. शेवटी एका रविवारी गाडी अंगणात अर्धा तास चालू ठेवली आणि शुक्लाभाभी विचारायला आल्या, "भैया, गाड़ी बेच दी क्या?" मी आनंदानं पेढे वाटले! बाबा जवळ उभे राहून मान डोलवत होते. मला वाटलं, पसंत पडलं.

ट्रॅकवर तोच मीटरवाला. आकडा पाहून हसला, "अंकल, ये तो सिलाई मशीन हो गई!" पास! बाबांच्या हेल्मेटचा पट्टा मी स्वतः आवळला, जाड अस्तर कानांवर नीट बसवलं. बाबांनी बटण दाबलं. इंजिन सुरू झालं. त्यांनी परत दाबलं, आतून कर्रकन आवाज आला. मी अंगठा दाखवला, चालू आहे, चालू आहे! ते निघाले.

मी टाळ्या वाजवत होतो. आई म्हणाली, "पाय बरं, कसे सावकाश चालवून राहिले, शहाण्यावानी." मागून येणारी प्रत्येक गाडी त्यांना ओलांडून जात होती. तरी मी टाळ्या वाजवतच होतो. मीटरवाला पुटपुटला, "अंकल गियर क्यों नहीं बदल रहे?" तेव्हा माझे हात थांबले.

सगळी चक्कर पहिल्या गिअरमध्ये झाली. गिअर बदल म्हणून त्यांना कोणी सांगितलंच नाही, तर ते तरी काय करतील? गाडी येऊन उभी राहिली. मी धावत जाऊन हेल्मेट काढलं.

"कशी वाटली, बाबा?" मी ओरडून विचारलं.

त्यांनी स्टिअरिंगवर थापटलं. मला वाईट वाटू नये म्हणून हसले.

"बरी हाय. मांगून कोणी ढकलून राहिलं होतं का?"

त्याच आठवड्यात मी दोन्ही सायलेन्सर उपटून फेकले आणि नागडं इंजिन अंगणात सुरू केलं. तावदानं हलली, बरणी चालायला लागली. बाबांना ओट्यावरून उठवून आणलं. त्यांनी कान जवळ नेला, मग दुसरा नेला, मग बॉनेटवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. "हाताले येते," म्हणाले.

त्यांच्या कानात शेवटचे जे दोन महिने शिल्लक होते, ते मी बीरगांवला लोकर ठासण्यात घालवले. अख्ख्या रायपुरात त्या गाडीचा आवाज ऐकायची हौस असलेला माणूस एकच होता, आणि मी रात्रंदिवस खपून असा पक्का बंदोबस्त केला की तो तेवढ्या एकालाच ऐकू येऊ नये. आता बाकी सगळ्यांना येतो!