पंडित मिस्त्रीच्या गाडीचं नाक

"ज्याला पोट हाय, त्याला नाक पायजे," असं पंडित मिस्त्री हमेशा म्हणायचा. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडून वाट बघत बसणाऱ्या दुकानदाराला म्हणायचा, उपडी केलेली घागर गडगडत रिकामी होताना बघून म्हणायचा, थंडीत दारंखिडक्या लावून बसलेल्या पाहुण्यांनाही म्हणायचा. त्याची बायको चतुराबाई हे ऐकून इतकी विटली होती, की त्यानं तोंड उघडायच्या आत तीच वाक्य पुरं करायची.

"पायजे बाबा, नाक पायजे. मला बी एक हाय. त्याला तुमच्या पेट्रोलचा वास सोसंना."

पालममधून गंगाखेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली, मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि मागं घर. त्याच्या हाताखालून ट्रॅक्टर गेले, जीपा गेल्या, पण जीव जडला तो एका जुन्या फियाटवर. मानवतच्या एका अडत्याच्या वखारीत ती कापसाच्या गाठींमागं धूळ खात पडली होती. मिस्त्रीनं ती ओढून आणली. इंजिन दुसऱ्या गाडीचं बसवलं, सीटा तिसऱ्या गाडीच्या. पेट्रोलची टाकी गंजून चाळणी झाली होती, म्हणून नवी टाकी स्वतःच्या हातानं पत्रा ठोकून केली, जुनीपेक्षा मोठी. तिच्यावर एका नव्या गाडीचं झाकण बसवलं. रबर लावलेलं, फिरवलं की गच्च बसणारं.

घोटाळा तिथंच झाला. जुन्या झाकणाला बारीक भोक होतं. टाकीतलं पेट्रोल जसं कमी व्हायचं, तशी त्या भोकातून हवा आत शिरायची. नव्या झाकणाला भोक नव्हतं. गाडी झोकात निघायची आणि दोन-तीन कोसांवर धाप लागल्यागत आचके देऊन थांबायची. इंजिन ओढायचं, पण टाकी आतल्या आत आवळलेली, पेट्रोल सोडायचीच नाही. झाकण फिरवलं की 'हुस्स' करून टाकी श्वास घ्यायची आणि गाडी पुन्हा चालू.

दुसऱ्या कुणी झाकणालाच भोक पाडलं असतं. पण मिस्त्रीला तसलं गबाळं काम आवडायचं नाही. भोकातून पाणी जाणार, माती जाणार. त्यानं तांब्याची नळी आणली, विस्तवावर शेकत शेकत सावकाश वाकवली, टाकीच्या माथ्याला झाळून जोडली आणि मागच्या नंबरपाटीशेजारी बाहेर काढली. टोक छत्रीच्या मुठीसारखं खाली वळलेलं. ना पाऊस आत जाणार, ना फुफाटा. तेच गाडीचं नाक. चिंच लावून तो ते घासायचा. लांबलांबचे मिस्त्री बघायला यायचे, आणि कुणी बोट लावलं तर हा म्हणायचा, "डोळ्यानं बघा. हातानं न्हाई."

रोज सकाळी तो टाकीचं झाकण काढायचा, मागं उकिडवा बसायचा आणि नळीला तोंड लावून फुंकायचा. टाकीत गुडगुड ऐकू आली की उठायचा. येणारेजाणारे हसायचे.

"मिस्त्री गाडीचा मुका घ्यायलाय बघा!"

"घेऊ द्या," चतुराबाई दारातून म्हणायची. "आमच्या नशिबी न्हाई, गाडीच्या तरी असू द्या."

पण त्या गाडीचा तिलाही अभिमान होता. आसपासच्या कितीतरी लेकी त्या गाडीतून नांदायला गेल्या. पुढं पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या, तेव्हा कळा सुरू झाल्यावर त्याच गाडीतून दवाखान्यात गेल्या. नाक बसवल्यापासून गाडी वाटेत कधी थांबली नव्हती. मिस्त्री हे कुणी न विचारताही सांगायचा.

मग त्याची स्वतःची लेक बाळंतपणाला आली. राजनंदिनी, एकुलती एक, पिंगळीला दिलेली. दिवस भरत आले होते. गंगाखेडच्या दवाखान्यात नाव घातलेलं होतं. आणि अशात एका सकाळी मिस्त्री नळीला तोंड लावायला वाकला आणि तसाच थांबला.

"चतुरा, हिकडं ये."

नळीच्या तोंडावर ओला चिखल होता. बोटानं सारवावा तसा गुळगुळीत. बारक्या कमरेची कुंभारीण माशी आली, चिखलाची गोळी तिनं कडेला थापली आणि उडून गेली. मिस्त्रीनं तार उचलली. चतुराबाईनं त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका."

"अगं, नाक बंद झालंय."

"होऊ द्या. घरात पोटुशी लेक हाय. कुंभारीण पाळणा घेऊन दारात आली, अन् तुमी तार घालताव?"

"पेट्रोलच्या नळीत पाळणा?"

"तिला जागा पसंत पडली. तुमी कोण इच्यारणारे?"

तो हसला, पण ती हसली नाही. तिला पहिल्यांदा दिवस गेले होते तेव्हा तिच्या सासूनं, तानुबाईनं, भिंतीवरचं कुंभारणीचं घर खराट्यानं पाडलं होतं. म्हातारीला त्यात काही वाटलं नव्हतं. पण ते पोर चतुराबाईच्या पोटात राहिलं नाही. घरातले सगळे विसरून गेले. ती मात्र भिंत सारवताना अजून त्या चिखलाच्या डागाला वळसा घालायची. मिस्त्रीला हे ठाऊक होतं. त्यानं तार खाली ठेवली.

"बरं. पोरीचं होईस्तोर झाकण ढिलं ठेवून चालवतो. वास येईल जरा."

"येऊ द्या. एवढे दिवस सोसला."

झाकण ढिलं राहिलं. टाकी कशीबशी तिथून श्वास घेऊ लागली. वळणावर पेट्रोल हिंदकळलं की गाडीभर वास दाटायचा.

चैत्राच्या एका दुपारी नंदिनीला कळा सुरू झाल्या. चतुराबाईनं विचारलं, "सरकारी गाडी बोलवायची का?"

"माझी गाडी दारात असताना? साऱ्या गावाच्या लेकी मी नेल्या, अन् माझीच परक्या गाडीत?"

तो पाण्याची कळशी आणायला आत गेला. नंदिनी मागच्या सीटवर टेकली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"माय, वास… लय मळमळायलंय."

चतुराबाईला त्या घाईत लेकीच्या चेहऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. ती गाडीच्या मागं गेली आणि दोन्ही हातांनी, होतं तेवढं बळ लावून, टाकीचं झाकण आवळून आली. वास कमी झाला. नंदिनीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. मिस्त्री आला, गाडी निघाली.

पहिले दोन कोस गाडी पाण्यावरून गेल्यासारखी गेली. मग पहिला आचका बसला. मग दुसरा. दोन्हीकडं उन्हानं पांढरी पडलेली रानं, आणि मध्ये गाडी थांबली.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. प्लगच्या वायरी बघितल्या, कार्बोरेटर उघडून पुसला. झाकणाकडं तो वळलाच नाही; सकाळी स्वतःच्या हातानं ढिलं केलेलं झाकण पुन्हा काय बघायचं? तेवढ्या वेळात हवा कुठून तरी थोडी झिरपली असावी. गाडी चालू झाली. त्याला वाटलं, कचराच होता. अर्धा कोस गेली आणि पुन्हा मेली.

नंदिनी ओठ दाबून कण्हत होती. मागून एसटी आली. ड्रायव्हर बन्सीधर ओळखीचा होता. त्यानं बस थांबवून खिडकीतून डोकं काढलं.

"मिस्त्री, काय झालं? पोरीला द्या बसमधी. थेट दवाखान्याच्या दारात थांबवतो."

"जा तू. आत्ता चालू होईल."

"माझं ऐका. सीट मोकळी करून देतेत लोक."

"माझ्या गाडीचं मला कळतं. जा म्हणलं ना!"

बन्सीधरनं चतुराबाईकडं बघितलं. चतुराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. एवढ्या वर्षांत ती चारचौघांत त्याच्या शब्दापुढं गेली नव्हती. बस थोडी रेंगाळली, मग निघाली. बसच्या धुळीनं गाडी झाकून गेली.

मिस्त्री बॉनेटवर मूठ आपटत स्वतःशीच पुटपुटला, "पेट्रोलच येईना. झाकण तर ढिलं हाय…"

चतुराबाईच्या तळहातांना आठवलं. झाकणाच्या खाचांचे वळ अजून कातडीवर होते.

"अहो," ती म्हणाली. "झाकण म्या आवळलं. पोरीला वास सोसंना म्हणून."

त्यानं तिच्याकडं बघितलं. ओरडला नाही. मागं गेला आणि झाकण फिरवलं. टाकीनं एवढा लांब श्वास घेतला, की मांडीवरल्या नंदिनीनं डोळे उघडले.

त्यानंतर दवाखान्याच्या दारापर्यंत गाडी एकदाही थांबली नाही.

मुलगी झाली. नाकीडोळी नीटस. पण ती रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी आणि नर्सनं पुष्कळ खटपट केली. नाका-तोंडात बारीक नळी घालून बघितली, पालथी धरून पाठ चोळली. मिस्त्री काचेच्या दारापलीकडून ती नळी बघत उभा होता. शेवटी बाई बाहेर आल्या.

"आई ठीक आहे," त्या म्हणाल्या. चतुराबाईनं विचारलं, आमी आधी पोचलो असतो तर? बाईंनी हातमोजे उतरवले. "ते नाही सांगता येणार. आधीच झालेलं असेल. नसेलही."

हो म्हणाल्या असत्या तर रडता आलं असतं. नाही म्हणाल्या असत्या तरी आलं असतं.

तान्ह्या लेकराला अग्नी देत नाहीत. दुसऱ्या सकाळी पांढऱ्या कापडात गुंडाळून मिस्त्री तिला शिवाराकडं घेऊन गेला. जावई आणि भावकीतले दोघं सोबत होते. बायांनी जायचं नसतं. चतुराबाई घरात लेकीजवळ बसून राहिली.

त्यानंतर मिस्त्रीनं ते पोटा-नाकाचं वाक्य उच्चारलं नाही. एकदा चतुराबाई तेलाचा डबा उपडा धरून उभी होती. एकाच भोकातून तेल गुटक्या-गुटक्यानं पडत होतं. तो समोरच जेवत होता. ती वाट बघत राहिली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि मान वर केली नाही. त्यानं शिवी दिली असती तरी तिनं झेलली असती. तो मात्र सकाळी उठून गाडीपासून लांबून जायचा, मागं उकिडवा बसायचा नाही.

एके दिवशी तिच्यानं राहवलं नाही. ती सळई घेऊन गाडीमागं गेली. चिखल वाळून दगड झाला होता.

"कशाचा पाळणा अन् कशाचं काय!" म्हणून तिनं सळई उचलली, आणि तिचं मनगट धरलं गेलं. जसं तिनं त्याचं धरलं होतं, तसंच.

"ऱ्हाऊ दे," मिस्त्री म्हणाला. "भोक पडलेलं न्हाई अजून. पिल्लं आत हायत."

तो गॅरेजमध्ये गेला आणि लोखंड कापायची आरी घेऊन आला. उकिडवा बसला. छत्रीच्या मुठीसारख्या त्या वळणाच्या वर, जिथं नळी सरळ होती, तिथं आरी लावली. तांबं मऊ. तंबाखू मळून होईल एवढाही वेळ लागला नाही. वळलेलं टोक, कुंभारणीच्या घरासकट, त्याच्या हातात आलं. घराचा कपचाही उडाला नव्हता. त्यानं झाकण काढलं आणि उरलेल्या नळीला तोंड लावून फुंकलं. टाकीत गुडगुड झाली.

चतुराबाईच्या हातातली सळई खाली आली.

"हे आधी जमलं असतं?"

"जमलं असतं."

"मग?"

तो तांब्याच्या त्या वळणावरून अंगठा फिरवत राहिला. चिंचेनं घासलेलं तांबं अजून लखलखत होतं.

"आरी लावायचं मन झालं न्हाई," तो म्हणाला. "लय निगुतीनं वाकिवली होती."

चतुराबाईला राग यायला हवा होता. पण तिला धुळीतून निघून जाणारी बस दिसली, आणि खिडकीतून आपल्याकडं बघणारा बन्सीधर.

"अन् मला त्या बसवाल्याला थांब म्हणायचं जमलं न्हाई," ती म्हणाली.

मिस्त्री उठला. शिवारातल्या विहिरीच्या कठड्यात दगडांच्या सापटी आहेत, तिथं सावली असते, असं काहीतरी तो पुटपुटला. गाडीची किल्ली त्यानं खुंटीवरून काढली नाही. नळीचा तो तुकडा दोन्ही हातांत आडवा धरला, छातीशी, आणि पायीच शिवाराच्या वाटेला लागला.

चतुराबाई दारात आली. तिच्यामागं भिंतीचा आधार घेत नंदिनीही येऊन उभी राहिली.

"दादा कुठं निघालेत, माय?"

"कुंभारणीचं घर ठिवायला."

तो हळू चालत होता. पायाखालचा दगड बघून, हातातल्याला हिसका बसू नये म्हणून खांदे आवळून. मागून ट्रॅक्टर आला तेव्हा तो बांधाला लागून थांबला, हातांवर वाकला, धूळ जाऊ दिली आणि पुन्हा चालू लागला. त्या सकाळी बायांनी जायचं नसतं म्हणून चतुराबाईनं त्याला जाताना बघितलं नव्हतं. कसा गेला असेल, हे तिला आता दिसलं. तिनं नंदिनीचा हात धरला, आणि बाभळींच्या आड त्याचं पांढरं मुंडासं दिसेनासं होईपर्यंत दोघी मायलेकी दारातून हलल्या नाहीत.