काळ्या चष्म्याशिवाय

आमच्या ह्यांची नजर पाचव्या वर्षी तापात गेली. नगरकडच्या आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी त्यांना आधी पेटीवर बसवलं, मग कोपऱ्यात पडून असलेल्या जुन्या पियानोवर. उपासनेची गाणी ते तिथे शिकले, अमेरिकन कंट्री गाणी मात्र रेडिओ ऐकून. "शेत, आगगाडी, आईची आठवण आणि देवाचा धावा. आपल्या भजनांत तरी दुसरं काय असतं?" असं म्हणायचे. आमच्या लग्नात पियानो वाजवायला दुसरं कुणी नव्हतं. मी वडिलांचा हात धरून चर्चमध्ये शिरले तेव्हा नवरदेवच वाजवत होते.

पुढे मला कतारमध्ये, दोह्यात नर्सची नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या अल थुमामा भागात राहायला आलो. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून चर्चही शुक्रवारी. तो एक दिवस ह्यांचा, बाकी आठवडा घरात कीबोर्ड आणि कानाला हेडफोन. लेक इथेच वाढली, अशी कितीतरी वर्षं गेली.

मग फुटबॉल वर्ल्डकपची तयारी सुरू झाली. शेजारच्या लुसैल शहरात बघावं तिकडे क्रेन, आणि क्रेन हलल्या की तिथे हॉटेल उभं. प्रत्येक हॉटेलला गाणारे-वाजवणारे हवे होते. आमच्या चर्चमध्ये एक फिलिपिनो गिटारवाला यायचा. त्या लोकांना कंट्री गाण्यांचं भारी वेड. त्याचा छोटा बँड होता, त्यात गाणारा पियानोवाला कमी होता. तो ह्यांना एका नव्या हॉटेलात ऑडिशनला घेऊन गेला. सुट्टी टाकून मीही गेले.

ह्यांनी दोन गाणी म्हटली. मॅनेजर आपल्याकडचाच, हिंदीत म्हणाला, "आवाज उत्तम आहे. फक्त स्टेजवर काळा चष्मा घाला. पाहुण्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको."

"उन्हाचा त्रास होतो ते चष्मा घालतात," हे शांतपणे म्हणाले. "मला तो त्रास नाही. ज्यांना अवघड वाटेल त्यांनी डोळे मिटून ऐकावं."

मॅनेजर म्हणाला, कळवतो. गाडीत बसल्यावर मी चिडले. "अहो, घातला असता चष्मा तर काय बिघडलं असतं?"

"आज चष्मा घाला म्हणतात, उद्या पडद्यामागे बसा म्हणतील. मी चोरी करायला चाललोय का?"



फोन काही आला नाही. मी विषय काढायचं सोडून दिलं. हे मात्र रोज सकाळी आंघोळ करून रियाजाला बसत होते, जणू बोलावणं आलेलंच आहे. मग एके दिवशी गिटारवाला थेट घरीच आला. त्यानं आणि ड्रमवाल्यानं मॅनेजरला सांगितलं होतं की हे नसतील तर आम्हीही नाही. दुसरा बँड मिळेना, शेवटी मॅनेजर नमला. चष्म्याचा विषय खलास. "यल्ला ब्रदर, चला, गुरुवारपासून!" म्हणत गिटारवाल्यानं ह्यांना मिठी मारली. मी चहा टाकायला आत गेले ती डोळे पुसूनच बाहेर आले.

पहिल्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही लेकीला घेऊन गेलो. हॉलच्या दारात बोर्ड होता, बँडच्या नावाखाली ह्यांचं नाव. मी वाचून दाखवलं.

"अक्षरं केवढी आहेत?"

"तुमच्या वितीएवढी."

त्यांनी वीत करून बोर्डावर टेकवली, हसले, आणि गिटारवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले.

त्या दिवशी ते जे गायले! युरोपियन इंजिनिअर, केरळची कुटुंबं, सगळे ठेका धरून बसले. शेवटी ह्यांनी मॅनेजरला न विचारता आपलं मराठी उपासनेचं गाणं कंट्रीच्या चालीवर घेतलं. बँडला ते आधीच शिकवून ठेवलं होतं, मला पत्ताच नव्हता. पलीकडच्या टेबलावरची बाई चकित होऊन म्हणाली, "अय्या, मराठी!" आमची लेक घरात आमच्याशीसुद्धा इंग्रजीत बोलते. ती उठून त्या बाईजवळ गेली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "ते माझे पप्पा आहेत."

सामने झाले, पाहुणे परतले, बऱ्याच हॉटेलांनी बँड बंद केले. ह्यांचा गुरुवार चालू आहे. शुक्रवारी सकाळी घसा बसलेला असतो. मी आल्याचा काढा करून देते, तो पितात आणि आम्ही चर्चला निघतो.