‘आय’पासून सुरू होणारी शिवी

तमाम पुंडलिकनगरवासीयांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपल्या गल्लीच्या एका सुपुत्राने, घराघरांत ताटं वाढलेली असताना, टीव्हीवर शिवी दिलेली आहे. सबब सर्वांनी आपापले कान धुऊन घ्यावेत.

ही दवंडी मीच पिटली, सामना संपल्या संपल्या, दाजींच्या ओट्यावर उभा राहून. सुपुत्र म्हणजे माझा भाचा. कबड्डीतला चढाईपटू. पैसे घेऊन खेळतो, टीव्हीवर दिसतो. नळाला पाणी आलं की आमची गल्ली जशी घराबाहेर पडते, तशी त्याच्या सामन्याला दाजींच्या घरात शिरते.

त्याची आई, म्हणजे माझी ताई, पावसाळ्यात गेली. तेरावा झाला आणि डोक्यावर केस उगवायच्या आत पोरगं संघात परत गेलं. करार असतो. ताई होती तेव्हा सामन्याचं खरं समालोचन तीच करायची. समोरच्या संघातला प्रत्येक जण तिच्या लेखी मुडदा. मीही मुडदाच. “मुडद्या, जेवून जा,” म्हणायची. ती गेल्यापासून मला कुणी मुडद्या म्हटलेलं नाही. बायकोला एकदा म्हणून बघ म्हणालो, तर तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

तर, त्या संध्याकाळी भाचा चढाईला गेला. त्याचा घोटा धरला गेला आणि अंगावर चार जण पडले. ढिगाखालून तोंड तेवढं बाहेर आलं, उघडलं, आणि टीव्हीतून आवाज आला: टूं.

गल्ली धन्य झाली. शिवी नेमकी कोणती, म्हणून सगळे माझ्याकडे वळले. या विषयात माझा अधिकार मोठा. ओठ आधी मोठे उघडले होते, मग ताणले गेले होते. मी निकाल दिला, की ही ‘आय’पासून सुरू होणारी आहे. आपल्याकडच्या निम्म्या तिथूनच निघतात. शेजारचे निवृत्त सर मात्र चिडले. लहान पोरं बघतात, अशा खेळाडूला बाहेर बसवलंच पाहिजे, म्हणाले. मी विचारलं, सर, अंगावर चार माणसं पडल्यावर माणूस काय आभारप्रदर्शन करेल? लोक हसले. दाजी हसले नाहीत. पण ताई गेल्यापासून ते ‘व्हय’ आणि ‘नाय’ यापलीकडे बोलतच नव्हते, त्यामुळे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोन दिवसांनी शिक्षा जाहीर झाली: पुढच्या सामन्यात बाहेर बसायचं. पुढचा सामना म्हणजे हरलं की घरी. मी पेटलो. भाच्याला फोन लावला. कोणती दिलीस ते सांग, मराठवाड्यात ती शिवी नसून विरामचिन्ह आहे हे मी सिद्ध करतो, असं माझं म्हणणं.



“शिवी नव्हती मामा,” तो म्हणाला. “आई म्हणलो.”

टूं वाजवणारा कुणी परमुलखातला असणार. मराठी पोरांच्या तोंडून ‘आय’ निघालं की पुढं काय येतं, हे तो अनुभवानं शिकलेला. पुढचं यायच्या आत त्यानं बटण दाबलं. पुढं काहीच येणार नव्हतं.

मी म्हणालो, अरे मग सांग की त्यांना. तर यानं शिवी दिल्याचं आधीच कबूल करून टाकलेलं. खरं सांगितलं असतं, तर समोरचे प्रत्येक चढाईला आई, आई करून चिडवणार होते.

“शिवीला एक मॅच बसवतात मामा. हे रोज ऐकायचं म्हणजे लई होतं. तुम्ही कुणाला बोलू नका.”

खेळाडूंच्या शिव्यांना शिक्षा असावी की नसावी, यावर मी कोणत्याही कट्ट्यावर दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकतो. त्या दिवशी मात्र पोराला शब्द दिला आणि फोन ठेवला. गॅलरीत जाऊन ओल्या कुंडीलाच पाणी घालत राहिलो. आमच्याकडे पाणी असं उधळत नाहीत.

सामन्याला गल्ली पुन्हा दाजींकडे जमली. भाचा बाकावर, मान खाली, आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा त्याच्यावर. त्याच्याविना संघ हरला.

सर काही वाईट माणूस नाहीत. ताई दवाखान्यात होती तेव्हा डबा त्यांच्याच घरून जायचा. ते हळूच म्हणाले, वाईट वाटतं, पण शिक्षा योग्यच झाली. वहिनी असत्या तर त्यांना ती शिवी ऐकवली नसती.

मी तोंड उघडलं, पोराला दिलेला शब्द आठवला, आणि मिटलं. तेवढ्यात दाजी बोलले. त्यांना मी यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. टीव्हीकडेच बघत ते म्हणाले,

“हाक मारली हो त्यानं तिला. ओ कोण देणार होतं?”