वाणातला पासवर्ड

आमचे हे, श्रीनिवास पांढरीपांडे, मदन महल भागातल्या एका खासगी दवाखान्याचं कॉम्प्युटर नेटवर्क सांभाळतात. बाहेरच्या कुणाला आत शिरू द्यायचं नाही, हेच त्यांचं काम. मला मात्र दारात आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवता येत नाही.

आमच्या घरात फोनला रेंज नसते. म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी वाणाच्या प्रत्येक वाटीत तिळगुळासोबत वायफायच्या पासवर्डची चिठ्ठी ठेवली. आमच्या खमरिया वस्तीतल्या बायकांनी फार कौतुक केलं.

थोड्याच वेळात आतल्या खोलीत दवाखान्याचं काम करत बसलेले हे धावत आले आणि वायफायची वायरच उपटली. कुणाच्या तरी फोनमधला व्हायरस ह्यांच्या लॅपटॉपवाटे दवाखान्यात शिरू पाहत होता.

"पासवर्ड काहून वाटून राहिली तू? पेशंटचे रिपोर्ट गेले असते, माझी नोकरी गेली असती!"

तेवढ्यात लँडलाइनवर ह्यांच्या साहेबांचा फोन आला. "पांढरीपांडेजी, अटैक आया कहाँ से?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, हल्दी-कुंकू से."

नोकरी वाचली. दुसऱ्या दिवशी ह्यांनी पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय सुरू केलं आणि माझा फोनही त्यावरच टाकला. एवढी वर्षं संसार करून मी पाहुणीच!

नवा पासवर्ड मी कुणालाही दिलेला नाही. फक्त शेजारच्या प्रणालीला दिला, पण ती काय, घरचीच आहे.