दोरीचं दुसरं टोक

बर्फातल्या पोस्टवर माझं पोस्टिंग आलं तेव्हा पलटणीत मी नवाच होतो. गाव बुऱ्हाणपूर, वडील प्रार्थनामंदिरात पेटी वाजवतात. पोस्टवर पोचलो तर पार्टी कमांडर हवालदार सुखदेव महाजन, आमच्याच जिल्ह्यातल्या तुकईथडचे. फौजेत आपल्या मुलखाच्या माणसाला गिराईं म्हणतात. गिराईं भेटला की अर्धं घर भेटतं. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. उस्तादांनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला आणि त्याच दिवशी माझं नाव पडलं, पाद्री.

आमच्या बंकरमध्ये देवासाठी एकच फळी होती. तिच्यावर उस्तादांच्या इच्छादेवीचा फोटो. शेजारी माझा लाकडी क्रूस त्यांनीच ठेवला. बाहेर पडताना सगळे त्या फळीसमोर उभे राहायचे, हा आमच्या पोस्टचा रिवाज.

कामाबद्दल लोकांचा वेगळाच समज असतो. लढाई क्वचित. रोज बर्फ खोदायचा, वितळवून पाणी करायचं, स्टोव्हची काजळी खोकायची. आणि लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टमधली गस्त. आम्ही दोरीला बांधून इकडून निघायचो, पुढच्या पोस्टची माणसं तिकडून यायची. मधे भेटून रॉकेलचे जेरीकॅन हवाली करायचे, परत फिरायचं. पुढच्या पोस्टला रॉकेल नाही म्हणजे पाणीही नाही.

त्या हिवाळ्यात काहीच धड होईना. हेलिकॉप्टर येईना. टपाल अडकलं. नाताळची सुट्टी गेली, बहिणीचं लग्न माझ्याशिवाय लागलं. मी रोज प्रार्थना करायचो आणि रोज ढग. एकदा जेरीकॅन बांधताना मी बोलून गेलो, देव ऐकतच नाहीये. उस्ताद माझी गाठ तपासत होते.

"पाद्री भो, ही दोरी चालताना ओढते का तुला?"

"नाही, उस्ताद. ढिलीच असते."

"मग सोडून टाकू का?"

स्वतःच हसले. म्हणाले, पावलोपावली ओढत बसली तर चालशील कसा?

पुढच्या पोस्टचं रॉकेल संपत आलं तेव्हा आम्ही खराब हवेतच निघालो. पुढे मी, काठीने बर्फ टोचत. मागे उस्ताद. शेवटी रेडिओ घेऊन नायक रावत. काठी घट्ट लागली. पाय टाकला आणि खालचा बर्फ गेला.

कमरेला हिसका बसला आणि मी भेगेत लटकलो. दोन्हीकडे निळा बर्फ. एक बूट निघून गेला होता. वर कोणी दिसेना, हाकेला ओ नाही. कळत होतं एवढंच, की दोरी ताणलेली आहे.

वर काय झालं ते रावतने नंतर सांगितलं. साथीदार पडला की धावत जायचं नसतं, आहे तिथे पालथं पडून बर्फात कुदळ रोवायची. उस्तादांनी तेच केलं. तरी घसरले, छातीखाली दगडासारखा बर्फ आला, बरगड्या मोडल्या. दोरी कापायला कमरेला चाकू होता. हात तिकडे गेला नाही. रावतने दोरी पक्की बांधेपर्यंत आणि समोरची पार्टी येईपर्यंत त्यांनी कुदळ सोडली नाही.

मी वर आलो. उस्तादांनी आधी विचारलं, "रॉकेल पोचलं?"

रावत रेडिओवर होता. "एक जखमी, सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"वेदर बंद आहे. वेट. ओव्हर."

तिथेच उभारलेल्या तंबूत मी आभाळ उघडावं म्हणून प्रार्थना करत होतो. उस्ताद म्हणाले, "मोठ्याने कर ना. मलाही ऐकू दे."

मी मोठ्याने केली. आभाळ उघडलं नाही. संध्याकाळी उस्ताद गेले.

बर्फाने माझ्या पायाची बोटं घेतली आणि मी घरी आलो. आता चर्चच्या युवक संघाची पत्रकं लिहितो, बसस्टँडवर वाटतो. म्हणून पत्रकांची भाषा मला चांगली कळते. हल्ली आपल्याच लोकांत एक पत्रक फिरतंय: विश्वास ठेवा, अडचणी संपतील. हे साफ खोटं आहे. नोकरीचा अर्ज परत आला, गाडी बंद पडली, आईचं दुखणं वाढलं की ज्याचा विश्वास उडतो, त्याला आपण देव दाखवलाच नाही, दुकान दाखवलं. ख्रिस्ताने शिष्यांना क्रूस उचलायला सांगितला होता, सवलत नव्हे.

कोणी म्हणतं, बघ, देवाने तुला वाचवलं. मला संताप येतो. मग उस्तादांसाठी देव नव्हता? ते का गेले, मला माहीत नाही. देवासमोर उभा राहीन तेव्हा विचारीन. मला माहीत आहे ते इतकंच: भेगेतून दुसरं टोक दिसत नव्हतं आणि ते सुटलं नाही. त्या आधारावर मी आज रोजचे धक्के खातो, आणि मान वर करून खातो.

यंदा आमच्या प्रार्थनामंदिरात मृतांच्या स्मरणाची उपासना होती. एकेक जण उठून आपल्या माणसाचं नाव घेत होता. मी उठणार हे ओळखून शेजारचे वडीलधारे काका हळूच म्हणाले, "बेटा, तो आपल्यातला नव्हता ना."

"काका, तो माझ्या दोरीवर होता."

वडिलांनी पेटी थांबवली. पाय दुखत होता, तरी मी सावधान उभा राहिलो. नाव घेतलं तसं काकाही उठले.

हवालदार सुखदेव महाजन. तुकईथड.