हौदाची निवडणूक

बलदियाच्या कमिटीवर मी पहिल्यांदा निवडून आलो तेव्हा हिंगोलीत मला न ओळखणारा माणूस सापडणं कठीण होतं. दुसऱ्यांदा उभा राहिलो तेव्हा तर तसा माणूस नव्हताच, अशी माझी समजूत होती. बलदिया म्हणजे आजची नगरपालिका. निजामाची अमदानी होती, गावात मुन्सफाची कचेरी होती आणि मी तिथला वकील. अर्ज भरून आलो त्या दिवशी बायकोला म्हणालो, आता नुसती रीत पार पाडायची. असं बोलायची मला सवय होती, अजूनही आहे.

माझ्या खात्रीला कारण होतं. पहिल्या मुदतीत मी बाजारातल्या विहिरीजवळ जनावरांसाठी दगडी हौद बांधून घेतला होता. त्याआधी बाजाराच्या दिवशी सेनगावकडून, औंढ्याकडून आलेले बैल उन्हात तहानलेले उभे असत. उन्हाळ्यात कयाधू आटली की शेतकरी दुकानादुकानापुढे बादलीभर पाण्यासाठी हात जोडत फिरायचे. ते मला बघवत नसे. उर्दूत अर्जावर अर्ज लिहून, साहेबांच्या दाराशी जोडे झिजवून मी तो हौद मंजूर करून घेतला. पहिल्या बाजाराला बैलांनी त्यात माना घातल्या, तेव्हा कुठलाही दावा जिंकल्यापेक्षा मला जास्त आनंद झाला.

माझ्याविरुद्ध उभे होते ते हौदासमोरचे कापडदुकानदार. माणूस गोड बोलणारा आणि तितकाच पक्का. हौद मोडून टाकतो, एवढाच त्यांचा प्रचार. मतदानाआधी ते स्वतः माझ्या ओसरीवर आले, पानसुपारी झाली, आणि त्यांनी सरळ सांगितलं की हौद वेशीबाहेर हलवायला मी कबूल झालो तर ते अर्ज मागं घेतील. वेशीबाहेर विहीर नव्हती. तिथला हौद म्हणजे दगडाचं रिकामं भांडं. मी त्यांना म्हणालो, शेठजी, मी निवडून येणार आणि हौदही जागेवर राहणार, तुम्ही पान घ्या.

ते गेल्यावर बायको दाराआडून बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"हौद राहू द्या," ती म्हणाली, "पण सांडलेलं पाणी जायला नाली तर करा. बायका घागरी घेऊन घोटाघोटा चिखलातून येतात. तुम्ही त्याच चिखलातल्या घरांत जाऊन हौदाचं कौतुक सांगून राहिलात."

मी हसलो. कमिटीच्या कामातलं तिला काय कळतं, असं मी तेव्हा मनात म्हणालो, आणि ते इथं लिहिताना मला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी शेरवानी चढवून मी पुन्हा घरोघर गेलो. दर ओट्यावर हौदाची गोष्ट रंगवून सांगितली. लोक माना डोलवत होते, पायांवरच्या माशा हाकलत होते. मला फक्त माना दिसल्या.

मतदान नेमकं बाजाराच्या दिवशी आलं. तेव्हा आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, पेटी नव्हती. बलदियाच्या कचेरीत सरकारी कारकून टेबलाशी बसायचा, त्याच्या बाजूला दोन खुर्च्यांवर आम्ही दोघे उमेदवार, आणि येणाऱ्यानं आमच्यासमोर तोंडानं नाव सांगायचं. मी पायावर पाय टाकून बसलो होतो. एवढ्यात दाराशी गलका झाला. पाहतो तर पागोटेवाले पंचवीस-तीस शेतकरी रांग धरून उभे! बैल हौदावर सोडून ते मला मत द्यायला आले होते. पुढं सेनगावकडचा एक म्हातारा होता. कारकुनानं यादी चाळली आणि सांगितलं की ज्याचं गावात घर आहे आणि जो बलदियाची घरपट्टी भरतो त्याचंच मत. म्हातारा माझ्याकडे वळला.

"वकीलसाब, हौद कोनासाठी बांधला?"

"तुमच्यासाठी," मी म्हणालो.

"मंग मत दुसरेच काहून देऊन राहिले?"

मी कारकुनाच्या यादीकडे बोट दाखवलं. ते लोक निमूट परतले. त्यानंतर मतदार येत गेले. माझा न्हावी, माझे शेजारी, ज्यांच्या घरच्या लग्नात मी पंगती वाढल्या ते लोक. टेबलासमोर येऊन, जमिनीकडे बघून ते शेठजींचं नाव घेत आणि मला पाठ दाखवून बाहेर पडत. मी मात्र प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत ताठ बसून राहिलो. पडलो तो थोडक्या मतांनी, पण पडलो. मला राग आला होता. आणि त्याहून जास्त, हौदाचं वाईट वाटत होतं.

हौद मोडायचा ठराव पुढच्याच बैठकीत येणार होता. ही बातमी खेड्यांत पोचायला वेळ लागला नाही. त्या आठवड्याच्या बाजारात मी मुद्दाम चक्कर मारली. शेठजींच्या दुकानापुढं गाड्या उभ्या होत्या, पण खाली कुणी उतरत नव्हतं. तोच म्हातारा धुरेवर बसून शांतपणे त्यांना सांगत होता, "हौद मोडला तं आमाला कळमनुरीचा बाजार बराबर पडन, शेठजी. आमाला बी तकलीफ न्हाई, तुमाला बी न्हाई."

शेठजींचा कापड मोजायचा गज हातातच राहिला. ठराव आलाच नाही. उलट महिनाभरात हौदाभोवती फरशी बसली, आणि विहिरीपासून ओढ्यापर्यंत दगडी नाली झाली. चिखल गेला, माशा गेल्या. बायको घागर घेऊन कोरड्या पायांनी घरी आली, तेव्हा ती काही बोलली नाही, हे तिचे उपकार.

शेठजींची मुदत संपली आणि ते पुन्हा उभे राहिले. मी उभं राहावं म्हणून चारजण गळ घालून गेले होते. निवडून आलो असतो, यात मला आजही शंका नाही. पण शेठजी पुन्हा माझ्या ओसरीवर आले, पान हातात घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, हौद तुमचा, नाली माझी. आता तुम्हीच सांगा."

मी अर्ज भरला नाही, त्यांच्याविरुद्ध दुसराच एकजण उभा राहिला. मतदानाला गेलो. ते त्याच खुर्चीवर बसले होते आणि मला पाहून त्यांनी नजर जमिनीला लावली. कारकुनानं विचारलं. ते मान वर करेपर्यंत मी थांबलो आणि त्यांच्या डोळ्यांत बघून, बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांचं नाव घेतलं.

घरी आलो तर बायको चुलीपुढं होती. घर माझ्या नावावर, म्हणून तिचं नाव त्या यादीत कधी नव्हतंच. मी दारातूनच म्हणालो, "तुझं मत देऊन आलो."

तिनं वर पाहिलं. कुणाला दिलं, हे तिनं विचारलं नाही. "पाय धुऊन या," म्हणाली, "पान वाढते."