शोभाबाईंनी आम्हाला नेलं तेव्हा

मी पहिल्यांदा गाव सोडलं तेव्हा अकरा वर्षांची होते, आणि जाता जाता शोभाबाईंच्या हाताला कडकडून चावले होते.

सकाळी शाळा भरायची वेळ होती. राळेगाव तालुक्यातलं आमचं गाव एवढंसं, एखादी गाडी आली तरी सगळ्यांना कळतं. त्या दिवशी एक पांढरी जीप थेट आमच्या दारासमोर येऊन थांबली. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कार्यालयातल्या एक मॅडम उतरल्या आणि त्यांच्यामागून आमच्या गावच्या अंगणवाडीसेविका, शोभाबाई. मायला आदल्या दिवशीच यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती केलं होतं. आता आम्हा दोघी बहिणींना न्यायला ही गाडी आली होती. गौरी तेव्हा अडीच महिन्यांची. शोभाबाईंनी तिला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि त्या जीपकडे निघाल्या, तशी मी धावत गेले आणि त्यांच्या मनगटाला चावले.

मॅडम घाबरून पुढे आल्या. शोभाबाई हात न सोडवता म्हणाल्या, "राहू द्या मॅडम. तिची बहीण हाय ते. चावनच ना."

गल्लीतल्या बाया दारात उभ्या होत्या. कोणी डोळे पुसत होतं, कोणी कुजबुजत होतं. जीप निघाली आणि मी मागच्या काचेतून गाव लहान होताना पाहिलं.

आज इतक्या वर्षांनी पुण्याच्या एका भाड्याच्या वन बीएचकेमध्ये बसून हे लिहिते आहे, त्याला कारण आहे. गावातले तुम्ही काही जण अजूनही म्हणता, की मंदाच्या, म्हणजे माझ्या मायच्या, पोरी सरकारनं उचलून नेल्या होत्या. आणि माझ्यासारख्या घराबाहेर वाढून शहरात आलेल्या ज्या पोरी आहेत, त्या आपण कुठं वाढलो ते सांगायला लाजतात. दोघांनाही नेमकं काय झालं ते सांगावंसं वाटतं.

बाबा पेरणीच्या दिवसांत शेतात वीज पडून गेले. माय तेव्हा तीन महिन्यांची गरोदर होती. कापूस फुटला, वेचला, विकला गेला. ती सगळं करत होती. रडलीसुद्धा नाही फारशी. पण गौरी झाली आणि माय बदलली. ती कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसायची. लेकरू रडून निळं पडलं तरी तिला ऐकू येत नसल्यासारखी. कधी माझ्याकडे बघायची आणि विचारायची, "तू कोनाची वो?" मला वाटायचं चेष्टा करते आहे. मग तिचे डोळे दिसायचे आणि कळायचं, चेष्टा नाही.

शेजारी मोठे बाबा राहत, म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. ते आणि मोठी आई वाईट माणसं नव्हती. मोठी आई दोन वेळचा डबा आणून द्यायची. तिनं मायच्या दंडाला गंडा बांधला, लिंबू उतरवलं. बाहेरचं आहे म्हणाली. काही फरक पडला नाही. मी गौरीला पाण्यात कालवलेलं दूध चमच्यानं पाजायचे, शाळा कधीच सुटली होती.

मग मोठ्या आईच्या माहेरकडचं एक जोडपं महागावकडून आलं. लग्नाला बरीच वर्षं होऊन मूल नव्हतं. बाईनं गुलाबी झबलं आणलं होतं आणि तिनं गौरीला असं काही जवळ घेतलं की मला तिचा राग आला आणि दयाही आली. मोठे बाबा म्हणाले, "चांगल्या घरी जाईन लेकरू. इथं राह्यलं तं मरन." ते खरंच तसं समजत होते.

नेमक्या त्याच दुपारी शोभाबाई वजनकाटा घेऊन आल्या. त्यांनी झबलं पाहिलं, पाहुणे पाहिले, आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"हे काय चालून राह्यलं भाऊ?"

"घरचा मामला हाय बाई," मोठे बाबा म्हणाले. "तुमी कायले मधात पडता? तुमचं काम पोराईले खिचडी वाटाचं."

"वजन कराचं बी माह्यंच काम हाय. अन् या लेकराचं वजन मागच्या खेपेपेक्षा उतरलं." मग त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "भाऊ, लेकरू म्हंजे गोऱ्हा नाई, दोर हाती देऊन मोकळं व्हाले. याची माय जिती हाय. आजारी हाय ते, मेली नाई."

आजारी. त्या घरात हा शब्द पहिल्यांदा कोणी उच्चारला. तोवर माय बाधलेली होती, अपशकुनी होती, नाटकी होती. आजारी नव्हती.

शोभाबाईंनी त्या जोडप्याला हाकललं नाही. अंगणात बसवून पाणी दिलं आणि दत्तक घ्यायची रीतसर नोंदणी कशी आणि कुठं होते ते समजावलं. मग बाहेर जाऊन बाल संरक्षण कार्यालयाला फोन केला. दुसऱ्या दिवशी मायसाठी रुग्णवाहिका आली आणि तिसऱ्या दिवशी आमच्यासाठी जीप.

यवतमाळला पोचल्यावर मला खरा धक्का बसला. सहा वर्षांखालचं लेकरू शिशुगृहात, मोठी मुलगी बालगृहात, असा नियम. गौरी एका इमारतीत आणि मी दुसऱ्या. कोणीतरी मला ते समजावून सांगत होतं, पण मला फक्त एवढंच कळलं, की बाबा गेले, माय गेली आणि आता गौरीही गेली.

बालगृहात मी चार दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल. तिथल्या अधीक्षिका मॅडम दिसायला कडक. पाचव्या दिवशी त्या माझ्या शेजारी ताट घेऊन बसल्या. म्हणाल्या, "मी बाल कल्याण समितीला पत्र लिहिलंय. दर रविवारी तुला बहिणीकडे नेऊन आणायचं. पण तिला उचलायला अंगात ताकद लागते. जेव."

मी जेवले.

त्यानंतर एकही रविवार चुकला नाही. शिशुगृहात एक आया होत्या, त्यांना सगळे मावशी म्हणायचे. त्यांनी मला बाळाची मान कशी सावरायची, पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर कसा काढायचा, ताप आहे की नाही हे तळहाताच्या उलट्या बाजूनं कसं बघायचं, सगळं शिकवलं. गौरीच्या गालावर मांस चढत गेलं. एका रविवारी ती मला बघून हसली आणि मी मावशींच्या पदरात तोंड खुपसून रडले. आज मी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. कोर्स मी नंतर केला, पण नर्स व्हायचं तिथंच ठरलं.

सगळ्यात कठीण दिवस पुढे आला. माय औषधांनी सुधारत होती आणि आम्हाला परत तिच्याकडे द्यायचं का, हे बाल कल्याण समिती ठरवणार होती. मी आनंदात होते. पण माझ्या पोटात एक गोष्ट होती, जी मी कोणाला सांगितली नव्हती. जीप यायच्या आठवडाभर आधी माय गौरीला घेऊन तुरीच्या वावरात गेली होती आणि एकटीच परत आली होती. मी विचारलं, गौरी कुठं? ती म्हणाली, "कोन गौरी?" मी पळत गेले. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उन्हात, पालथी पडून गौरी रडत होती. मी तिला उचलून आणलं आणि तोंड शिवून घेतलं.

हे सांगितलं तर माय आम्हाला कधीच मिळणार नाही, असं मला वाटायचं. न सांगता घरी गेले आणि पुन्हा तसंच झालं तर? आदल्या दिवशी मी अधीक्षिका मॅडमना आडून विचारलं, "मॅडम, एखादी गोष्ट सांगितली की घर तुटत असेल, तर?"

त्यांनी ती गोष्ट काय आहे हे विचारलं नाही. म्हणाल्या, "जे माहीत नाही ते त्यांना सांभाळता येणार नाही."

समितीच्या खोलीत लांब टेबल होतं. अध्यक्षबाई टेबलामागून उठून माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. त्यांनी विचारलं, "वैशाली, तुला काय वाटतं? तुला कुठं राहायचंय?" मला काय वाटतं, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी आधी म्हणाले, मायजवळ. आणि मग रडत रडत वावरातलं सगळं सांगितलं. माय भिंतीलगत बाकावर बसली होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी आम्हाला घरी सोडलं नाही. मी रात्रंदिवस स्वतःला दोष देत राहिले. पण झालं काय, ते ऐका. त्या एका गोष्टीवरून डॉक्टरांनी मायचं औषध बदललं, समितीनं आमची मुदत वाढवली. अजून तीन महिने. मोठ्या आईला आणि मोठ्या बाबांना बोलावून आजार काय असतो ते बसवून सांगितलं. मोठे बाबा समितीपुढे म्हणाले, "आमाले कोनं सांगतलंच नाई आजवर." आणि मग ज्या दिवशी आम्ही तिघी एकाच गाडीतून गावात उतरलो, त्या दिवशी समितीच्या कागदावर लिहिलेलं होतं, की गोळ्या मोठी आई देणार, माय कामाला जाईल तेव्हा गौरी अंगणवाडीत राहणार आणि शोभाबाई दर आठवड्याला घरी येणार.

त्या आल्या. कागदावरची मुदत संपली तरी येत राहिल्या. वजनकाट्याचं निमित्त करून यायच्या, मायशी वेचणीचं, भाजीचं, लुगड्याचं बोलत बसायच्या. सुरुवातीला माय त्यांच्यासमोर मान वर करायची नाही. नंतर ती त्यांची वाट बघायला लागली. मी त्यांची माफी मागितली होती, मनगटाकडे बघत. त्या हसून म्हणाल्या, "तुले सांगू? त्या दिवशी मी बी भेली होती. वाटे, आपण चुकलो तं?" इतकं धाडस करणाऱ्या बाईला भीतीही वाटत होती, हे कळल्यावर मला त्या अजूनच मोठ्या वाटल्या. महागावकडच्या त्या जोडप्यालाही दोन वर्षांनी रीतसर मुलगी मिळाली, ही बातमी शोभाबाईंनीच पेढे घेऊन आमच्या घरी आणली.

दुसऱ्यांदा गाव सोडलं ते नोकरीसाठी. यवतमाळच्या स्टँडवर माय मला पोचवायला आली होती. गाडी लागायला वेळ होता. आम्ही बाकड्यावर बसलो होतो आणि ती अचानक म्हणाली, "मले आठवते सारं. वावरातलं."

मी तिच्याकडे वळले.

"मीच सांगणार होती समितीतल्या त्या बाईले. पण तोंडच उघडेना. तू सांगतलं. मले तवा वाटलं, चला, आता कोनीतरी लक्ष ठेवन माह्यावर." मग माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "तुवा काई तोडलं नाई वो पोरी."

बारा वर्षांचं ओझं त्या बाकड्यावर उतरलं. पुण्यापर्यंत मी रडत आले, शेजारच्या सीटवरच्या काकू पाण्याची बाटली पुढे करत राहिल्या.

इथं माझं आयुष्य शिफ्ट, रोस्टर आणि हँडओव्हरमध्ये चालतं. फ्लॅटमध्ये आम्ही तिघी नर्स राहतो. भाजीसुद्धा ॲपवरून येते. मी फोनवर घरी बोलायला लागले की रूममेट हसतात, "तुझी भाषाच बदलते गं." वॉर्डात एखादी बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडलेली दिसली की मी स्टूल ओढून बसते. फॉर्मवर नसलेले प्रश्न विचारते. डॉक्टरांना सांगते. सगळ्यांनाच ते आवडतं असं नाही.

मागच्या सुट्टीत गावी गेले होते. गौरी आता आठवीत आहे, माझ्यापेक्षा उंच झाली आहे. शोभाबाई निवृत्त झाल्या, गुडघे धरून चालतात. दुपारी माय घरात नव्हती. शोधत गेले तर खालच्या आळीतल्या एका घरी सापडली. तिथली नवी सून बाळंत होऊन पंधरा दिवस झाले होते आणि ती जेवत नव्हती, बोलत नव्हती. सासू म्हणत होती, कोणाची तरी नजर लागली. बाहेर दहा बाया जमलेल्या. आणि माझी माय, जी एके काळी कोणासमोर मान वर करत नव्हती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती:

"नजर-बिजर काई नाई. हा आजार हाय. मले झालता. माह्या लेकराले मी वावरात टाकून आलती, मले समजलं बी नाई. दवाखान्यात गेली, बरी झाली. पोरी माह्या माह्याजवळच हायेत. गाडी बोलवा."

सासूनं पदर खोचला आणि मुलाला हाक मारली.

पुण्यात मला कोणी विचारतं, घर कुठं तुझं? मी आधी तालुक्याचं नाव सांगायचे आणि विषय बदलायचे. आता विषय बदलत नाही. सांगते, माझ्या घराला अंगणवाडी होती, शिशुगृह होतं, बालगृह होतं, एक लांब टेबलाची खोली होती. त्या सगळ्यांनी मिळून एक आजारी बाई आणि दोन पोरी सांभाळल्या. आणि आता त्या घरात माझी माय दुसऱ्यांच्या लेकीसुनांसाठी गाडी बोलावते.